ॲनोडायझिंगवर चंद्रकोरीसारखे डाग : चूक माझी की टाकीवाल्याची?

अंबडकर_व्हीएमसी (गुरुवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर पुढे सरका, पण माझं डोकं आठ दिवस भंजाळलंय म्हणून टाकतोय. नाशिकच्या अंबडला छोटं युनिट आहे माझं, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिनं), एक म्हातारी लेथ, मला धरून सहा जण. एका पार्टीला आम्ही मोटर बसवायची ॲल्युमिनियमची प्लेट देतो. एचई ३० मटेरियल, एका अंगाला ३० व्यासाचा बॉस (गोल उंचवटा), त्यातून २२ चं बोअर एच ७ मध्ये (म्हणजे माप अगदी काटेकोर), चार कोपऱ्यांत एम ४ चे ब्लाइंड टॅप (आरपार नसलेली आट्यांची भोकं), दुसरं अंग सपाट. मशिनिंग आमच्याकडे आणि साधं नॅचरल ॲनोडायझिंग (ॲसिडच्या टाकीत विजेने ऑक्साईडचा थर, रंग नाही), १२ मायक्रॉन, सातपूरला जॉबवर्कवर. दीड वर्ष एक तक्रार नाही.

ह्या वेळी ४०० चा लॉट गेला आणि पार्टीने १४३ नग परत धाडले. डाग. राखाडी, ढगाळ, बोटाने घासून जात नाहीत, थिनरने जात नाहीत, घरी नेऊन बायकोच्या भांड्याच्या पावडरने एक घासला तर डाग तसाच आणि बाकीची चकाकी गेली. टाकीवाला म्हणतो मटेरियल भेसळीचं, मटेरियलवाला म्हणतो टेस्ट सर्टिफिकेट बघा, पार्टी म्हणते डेबिट नोट टाईप करून ठेवलीय. आणि मी मधे बसून सगळ्यांना चहा पाजतोय. कुणाला असा अनुभव? नेमकं चुकतं कुठे?

तर्रीवाला (११.५२)

लॉट पितृपक्षात टाकला होता का?

अंबडकर_व्हीएमसी (११.५५)

नाही हो. आणि टाकला असता तरी पितर ॲनोडायझिंग बघत नसावेत.

पुण्याहून_प्रेमाने (शुक्रवार, सकाळी ७.१०)

आमच्याकडे चाकणला सगळे जॉब डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात धुतात, त्यामुळे हा प्रकारच नाही. नाशिकला अजून बोअरवेलचं पाणी चालतं असं ऐकून आहे 🙂

गोदाकाठ (७.३१)

आला सकाळी सकाळी. भाऊ, प्रश्नाचं उत्तर येत असेल तर दे, नाहीतर मिसळ खायला ये.

सातपूरचा_टाकीवाला (९.०५)

आधीच सांगतो, मी ह्यांचा टाकीवाला नाही, पण धंदा तोच, बावीस वर्षं ॲसिडच्या वाफा खातोय. डाग म्हणलं की सगळे आमच्याकडे बोट दाखवतात कारण शेवटचा हात आमचा असतो. लग्नात जेवण बिघडलं की वाढप्याला शिव्या, तसं.

अंबडकर भाऊ, नुसतं "डाग" सांगून भागत नाही. एकाच जागी येतात की कुठेही? एकाच अंगावर की दोन्हीकडे? टॅपच्या भोकातून ओघळ आल्यासारखे की मधेच? १४३ च्या १४३ नगांवर एकसारखेच की दोन-तीन प्रकार? उरलेले २५७ त्याच तारखेच्या मशिनिंगचे का? तुमचा टाकीवाला जिगवर (टाकीत नग टांगायची चौकट) कुठल्या जागी लावतो? आणि एचिंग (थर चढवण्याआधी कॉस्टिक सोड्यात वरचा धातू जरा खाऊ देणं) किती वेळ करतो, कारण २२ एच ७ च्या भीतीने तुम्हीच त्याला "कॉस्टिकमध्ये जास्त ठेवू नको" म्हणून सांगितलं असणार, सगळे सांगतात.

अंबडकर_व्हीएमसी (९.४०)

सांगितलंय खरं. एक मिनिट फक्त. बाकी आज नग पसरून बघतो, आत्तापर्यंत नुसता रागाने खोक्याकडे बघत होतो.

नवशिक्या_गंगापूररोड (१०.१५)

थोडं अवांतर, माफ करा. आमच्या नव्या फ्लॅटच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरे ओघळ पडलेत, बिल्डर म्हणतो ॲनोडाईज्ड आहे, धुतलं की जाईल. तो ह्यातलाच प्रकार का?

रसायन_ताई (११.२०)

नवशिक्या, प्लास्टर चालू असताना सिमेंटचं पाणी खिडकीवर ओघळलं असेल तर धुऊन जाणार नाही. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो, आणि ॲनोडायझिंगचा थर साधारण ४ ते ८.५ च्या मधेच सुखात राहतो, त्याच्या खाली आम्ल खातं, वर अल्कली खातं. म्हणून शहाणे कंत्राटदार रंगकाम होईपर्यंत फ्रेमवरची टेप काढत नाहीत.

आता मूळ मुद्दा. ह्या थराला लोक रंगासारखं वरून दिलेलं काहीतरी समजतात. तसं नाहीये. सल्फ्युरिकच्या टाकीत जॉबचंच ॲल्युमिनियम खर्ची पडून ऑक्साईड होतं, ढोबळमानाने दोन भाग आत आणि एक भाग वर. म्हणजे खालच्या धातूवर जे काही आहे, ओरखडा, खड्डा, जुना पाण्याचा डाग, ते थर झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून मी तरी पहिला प्रश्न हाच विचारते की डागाचा जन्म थराच्या आधीचा की नंतरचा.

त्यासाठी एक नग बळी द्या. थर उतरवा आणि उघड्या धातूकडे उजेडात तिरपं धरून बघा. डाग तिथेच दिसला तर तो मशिनिंगपासून एचिंगपर्यंत कुठेतरी लागलाय. गायब झाला तर तो ॲनोडायझिंग, रिन्स (धुणं), सीलिंग (गरम पाण्यात थराची छिद्रं बुजवणं) किंवा पॅकिंगमधला. उतरवायला गरम फॉस्फरिक-क्रोमिक वापरतात कारण ते ऑक्साईड खातं आणि धातूला जवळजवळ हात लावत नाही, पण क्रोमिक विषारी आहे, कॅन्सरचं कारण आहे, घरी किंवा शॉपमध्ये करू नका, लॅबकडून करून घ्या. कॉस्टिकने उतरवलं तर ते डागासकट धातूही खातं आणि पुरावाच जातो.

उडता_फिटर (दुपारी १.०५)

ताईंशी सहमत. अजून एक फुकटची टेस्ट सांगतो, मी ओझरला विमानांच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त, नातवंडं सांभाळतो. मल्टिमीटर बझरवर ठेवा, एक टोक जिगच्या टोकाचा व्रण असेल तिथे (तिथे थर नसतो), दुसरं टोक हलक्या हाताने डागावर, टोचायचं नाही. ऑक्साईड वीज नेत नाही. बझर वाजला तर डागाखाली थरच नाही, म्हणजे टाकीत तिथे हवेचा बुडबुडा अडकला होता. सपाट अंग खाली तोंड करून टांगलं की असे बुडबुडे बसतात. नाही वाजला तर थर शाबूत, डाग त्याच्या खाली किंवा वर.

भुसावळचा_भो (१.२०)

ही टेस्ट भारी आहे भो. आमच्याकडे इन्स्पेक्टर जिभेने बघायचा 😄

सिन्नरी (२.१०)

मटेरियलचं पण सोडून देऊ नका. एकदा आमच्याकडे एचई ३० म्हणून आलेल्या बारमध्ये चार लांब्या एचई १५ च्या निघाल्या, तांबं चार-साडेचार टक्के, ॲनोडायझिंग करून आलं तर पिवळट, मऊ, नखाने ओरखडा जायचा. त्या दिवसापासून इनवर्डला कॉस्टिकच्या द्रावणाचा एक थेंब टाकतो, दोन-तीन मिनिटांनी पुसायचा. काळा डाग राहिला की तांब्याची मिसळ (खायची नव्हे) समजायची, फिका राहिला की सहा हजारवालं, म्हणजे एचई ३० च्या कुळातलं. हातमोजे आणि चष्मा घालून.

पुण्याहून_प्रेमाने (३.००)

मी मघाशी चेष्टेत बोललो पण पाण्याचा मुद्दा खराच आहे हो. सीलिंगच्या टाकीत पाणी खराब असेल तर पांढुरका थर येतोच.

सातपूरचा_टाकीवाला (४.२५)

ह्या बाबतीत पुणेकर बरोबर, वहीत नोंद करा, असं रोज होत नाही.

गरम पाण्याच्या सीलिंगमध्ये खरी व्हिलन सिलिका. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, बोअरच्या पाण्यात सिलिका येतेच, आणि ती १० पीपीएमच्या वर गेली की सीलिंग अडतं, थराची छिद्रं बुजायची थांबतात. आणि मजा म्हणजे लोक टीडीएस मीटर बुडवून खूश होतात. टीडीएस मीटर विजेवर चालतं, आणि साध्या पीएचला सिलिका वीज वाहून नेत नाही, म्हणून मीटरला ती दिसतच नाही. वेगळी टेस्ट करावी लागते.

दुसरं म्हणजे तापमान. एका जॉबवर्कवाल्याने पार्टीला लिहून दिलं होतं, सीलिंग १०० अंशाला करतो. अरे, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे पाणी ९८ लाच उकळतं! ९६ च्या वर ठेवा, पीएच सहाच्या जवळपास आणि मायक्रॉनला तीन मिनिटं धरा, १२ मायक्रॉनला ३६ मिनिटं, झालं. पण ती ३६ मिनिटं कोण देतो? गॅसचं बिल बघून वीस मिनिटांत जॉब बाहेर.

पण सीलिंगचा पांढुरका थर असता तर तो सगळ्या नगभर आला असता आणि ओल्या फडक्याने घासून थोडा तरी गेला असता. ह्यांचा जात नाहीये.

तर्रीवाला (४.४०)

काळं ॲनोडायझिंग करून टाका ना, डाग दिसणारच नाहीत. माझ्या मेव्हण्याने गाडी काळी घेतली ती ह्याच कारणाने.

सातपूरचा_टाकीवाला (४.४४)

मेव्हण्याला विचारा गाडी किती वेळा धुतो. काळ्यावर तर सीलिंगची पांढरी धूळ, ॲसिडचा ओघळ, बोटाचा ठसा, सगळं दुप्पट दिसतं.

अंबडकर_व्हीएमसी (रात्री ९.३०)

लोकहो, दिवसभर नग पसरून बसलो होतो, पोरं म्हणाली शेठ पत्ते लावतायत. निकाल असा.

डाग एक प्रकारचे नाहीतच, हे मला आठ दिवस कळलं नव्हतं. ९६ नगांवर सपाट अंगाच्या बाजूला चंद्रकोर, कधी अर्धी, कधी जवळजवळ पूर्ण कडं, आतून बाहेरून ढगाळ. ३८ नगांवर टॅपच्या भोकापासून खाली पांढरे ओघळ. उरलेल्या ९ वर साधे ओरखडे आहेत, ते पार्टीने रागाच्या भरात त्यातच टाकले असणार.

बझर टेस्ट केली, चंद्रकोरीवर वाजत नाही. म्हणजे थर आहे. थेंबाची टेस्ट पण केली, फिका राहिला, मटेरियलवाल्याला मनातल्या मनात सॉरी म्हणालो.

रसायन_ताई (९.५०)

चंद्रकोरीचा व्यास मोजला का?

अंबडकर_व्हीएमसी (१०.०५)

आत्ता मोजला. व्हर्नियर लावून साधारण ३०.

…बॉस पण ३० चा आहे.

उडता_फिटर (१०.०७)

आता सांगा, मशिनवरून उतरल्यावर नग क्रेटमध्ये कसे ठेवता?

अंबडकर_व्हीएमसी (१०.१५)

एकावर एक. खालच्याच्या बॉसवर वरच्याचं सपाट अंग. अरे देवा.

रसायन_ताई (१०.४०)

बॉस आणि वरच्या नगामध्ये केसाएवढी फट राहते, तिथे कूलंटचं (मशिनिंग करताना सोडतात त्या थंडाव्याच्या द्रावाचं) पाणी ओढलं जातं आणि लवकर वाळत नाही. बाहेरचं सगळं कोरडं होतं आणि तेवढी रेघ ओली राहते. ॲल्युमिनियमची पत्रे गोदामात ओली राहिली की एकमेकांत चिकटून जे राखाडी डाग पडतात त्यातलाच हा प्रकार. तिथे हायड्रॉक्साईड बनतं, खाली बारीक खड्डे पडतात. मशिनिंग केलेल्या चकचकीत अंगावर वाळलेल्या कूलंटचं कडं वाटतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. एक मिनिटाच्या एचिंगमध्ये ते निघत नाही, वरून थर चढला की चंद्र उगवतो.

पण एक शंका आहे. दीड वर्ष हेच क्रेट, हेच कूलंट, तर मग आत्ताच का?

गोदाकाठ (१०.५५)

पाऊस! हवेत ओल होती म्हणून वाळलं नाही.

अंबडकर_व्हीएमसी (शनिवार, सकाळी ११.००)

पाऊस गेल्या वर्षी पण होता. आज सुट्टी, तरी आलोय कारखान्यात. क्रेटमधल्या चिठ्ठ्या बघितल्या, ९६ च्या ९६ नग शुक्रवारच्या रात्रपाळीचे. आमची सुट्टी शनिवारी, म्हणजे शुक्रवार रात्रीचा माल रविवार सकाळपर्यंत तसाच ओला पडतो. इतर वारचा माल दुसऱ्या दिवशी धुतला जातो.

आणि कूलंटच्या टाकीत पीएच पट्टी बुडवली. साडेदहाच्या पुढे! आमचं साडेआठ ते नऊच्या घरात असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात कूलंट किती ते दाखवतो) अडीच, असायला पाहिजे सहा-सात. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी बुडवली, तीच.

रात्रपाळीच्या पोराला फोन केला. आधी काही नाही काही नाही म्हणाला, मग म्हणाला शेठ टाकीला वास मारत होता, डोकं दुखायचं, म्हणून मी किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणून टाकला, वास गेला की लगेच. दर सोमवारी एक पुडी. वर बोअरचं पाणी भरून लेव्हल केली. दीड महिना चालू आहे हे.

मी फोन ठेवून पाच मिनिटं नुसता बसलो.

तर्रीवाला (११.०४)

वास गेला ना पण 😂😂

भुसावळचा_भो (११.१२)

पोराला शिव्या देऊ नका भो. वास येतो हे त्याने सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं होतं का?

अंबडकर_व्हीएमसी (११.३०)

सांगितलं होतं. मी म्हणालो होतो बघू.

रसायन_ताई (दुपारी १२.४५)

धुण्याच्या सोड्याचं पाणी अकराच्या आसपास जातं, त्यात ॲल्युमिनियम छत्तीस तास म्हणजे हळूहळू एचिंगच. वास यायचं कारण वेगळं होतं. टाकीवर गळतीच्या तेलाची साय जमते, खाली हवा जात नाही, आठवडी सुट्टीत पंप बंद, मग बिनहवेचे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. कूलंट पातळ झालं की त्यातलं जंतुनाशकही पातळ होतं. साय काढायचा स्किमर लावा, सुट्टीत दिवसातून दोनदा अर्धा तास पंप फिरेल असा टायमर लावा, मात्रा सांभाळा. ही टाकी मात्र आता पूर्ण उपसून धुवा, सोडा काढून घेता येत नाही. आणि ती गटारात सोडू नका.

सातपूरचा_टाकीवाला (१.३०)

म्हणजे टाकीवाला निर्दोष. पेढे कुठे?

उडता_फिटर (१.४२)

थांबा साहेब, ३८ नग राहिलेत.

ओघळ टॅपच्या भोकातून आहेत. ब्लाइंड भोकात सल्फ्युरिक भरतं, एका रिन्समध्ये निघत नाही, आट्यांमध्ये बसून राहतं. मग गरम सीलिंगमध्ये किंवा बांधून ठेवल्यावर हळूहळू झिरपतं आणि भोकाच्या खालचा थर खातं. विमानाच्या कामात ज्या भागात सांधे, रिव्हेट, फटी असतात तिथे म्हणूनच क्रोमिक ॲसिडचं ॲनोडायझिंग वापरत आले, ती पद्धत १९२३ सालची, ब्रिटनमध्ये समुद्री विमानांसाठी निघाली. फटीत अडकलेलं क्रोमिक ॲल्युमिनियमला खात नाही, सल्फ्युरिक खातं. आता क्रोमिकवर जगभर बंधनं येतायत ते वेगळं. पण तुमच्या प्लेटीला सल्फ्युरिकच राहणार, तर भोकं नीट धुतलीच पाहिजेत.

सातपूरचा_टाकीवाला (२.२०)

मान्य. हा आमचाच गुन्हा, म्हणजे त्यांच्या टाकीवाल्याचा. भोकं वर तोंड करून टांगली की वाटीसारखं ॲसिड भरून घेतात, सरळ खाली तोंड केलं तर हवा अडकते, तिरपं टांगायचं, बाहेर काढताना जिग आपटायची, दोन रिन्स, मधे सोडियम बायकार्बोनेटच्या पातळ द्रावणात बुचकळायचं, आणि एम ४ साठी सरळ सिलिकॉनचे प्लग येतात, लाव आणि विसर. पण प्लग लावायला माणूस लागतो आणि नगामागे जो दर ठरलाय त्यात माणूस बसत नाही, हे पण लिहून ठेवा. दर कापताना सगळे हसत हसत कापतात आणि नंतर इथे धागे काढतात.

अंबडकर_व्हीएमसी (२.४५)

लागलं. मीच मार्चमध्ये नगामागे दीड रुपया कमी करून घेतला होता.

पुण्याहून_प्रेमाने (३.०५)

आता रीवर्कचं काय? उतरवून परत करणार का? २२ एच ७ आहे म्हणालात, सांभाळा.

अंबडकर_व्हीएमसी (३.२०)

तोच तर घोळ. हिशोब सांगा कुणीतरी, बोअर किती वाढेल?

रसायन_ताई (४.००)

१२ मायक्रॉन थरात साधारण ८ मायक्रॉन धातू खर्ची पडतो. थर उतरवून परत तेवढाच चढवला तर प्रत्येक अंगाने ८ गेले, व्यासात १६. एच ७ ला २२ व्यासावर एकूण पट्टा शून्य ते २१. म्हणजे आत्ता ज्यांचं बोअर शून्य ते ५ मध्ये आहे तेच जेमतेम बसतील, तेही उतरवताना कॉस्टिकने जास्तीचं खाल्लं नाही तर. आणि नुसतं उतरवून भागणार नाही, चंद्रकोर धातूत आहे, तिला काढायला एचिंग लांबवावं लागेल, म्हणजे बोअर अजून मोठं.

उडता_फिटर (४.३५)

बोअर उघडं ठेवताच कशाला? रबराचा टेपर बूच ठोका बोअरमध्ये, टॅपला सिलिकॉनचे प्लग, आणि तसंच उतरवायला, एचिंगला, ॲनोडायझिंगला न्या. बोअरमधला जुना थर जागच्या जागी राहतो, माप हलत नाही, आणि बूच आहे म्हटल्यावर सपाट अंगाला एचिंग चार-पाच मिनिटं बिनधास्त करता येतं. तोंडाशी एक बारीक रेघ येईल बूच जिथे संपतं तिथे, ती तुमच्या बेअरिंगच्या कडेखाली जाईल. आधी दोन नगांवर करून बघा आणि पार्टीला विचारून करा, गुपचूप नको.

सिन्नरी (४.५०)

काका, तुम्ही निवृत्त झालात हे विमानांचं नुकसान आहे.

उडता_फिटर (५.०५)

नातू पाठीवर बसून टाईप करू देत नाहीये, त्याला सांगा हे.

नवशिक्या_गंगापूररोड (५.३०)

मी दुपारपासून वाचतेय, थरार चालू आहे नुसता. माझ्या आईचा एक प्रश्न, तिची ती काळी हार्ड ॲनोडाईज्ड कढई डिशवॉशरमध्ये घातल्यापासून पांढरट पडलीय, ती पण सोडाच का?

रसायन_ताई (५.४५)

हो, डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कलाईन असते. थर कितीही कडक असला तरी रसायन तेच. आईंना सांगा हाताने घासा, साध्या साबणाने.

गोदाकाठ (५.५०)

कढईपर्यंत आला धागा. आता कुणीतरी रेसिपी टाका.

अंबडकर_व्हीएमसी (पुढच्या गुरुवारी, रात्री १०.१५)

उशीर झाला, पण अपडेट द्यायलाच हवं.

लॅबकडून एक नग उतरवून घेतला, उघड्या धातूवर चंद्रकोर स्वच्छ दिसते, तिरपं धरलं की. तो नग घेऊन आमच्या टाकीवाल्याकडे गेलो, आधी तोंड फिरवून बसला होता, नग बघितला, मग मीच ३८ वाले त्याच्या टेबलवर ठेवले. थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्याने चहा मागवला. ठरलं असं की ९६ चं रीवर्क माझ्या खर्चाने, ३८ चं त्याच्या, आणि दीड रुपया मी परत वाढवून दिला, प्लग लावायच्या अटीवर.

पार्टीच्या क्वालिटीवाल्या मॅडमना सगळं खरं सांगितलं, सोड्यासकट. त्या हसल्या, मला वाटलं संपलं, पण म्हणाल्या बूच लावून पाच नग करून आणा. पाच केले. बोअर जिथल्या तिथे, चंद्रकोर गेली, फक्त सपाट अंग जरा जास्त मॅट झालंय, चांगल्या नगाशेजारी ठेवलं तर फरक कळतो. चार पास केले, एकावर बूच सैल होतं, बोअर २६ मायक्रॉनवर गेलं, तो भंगारात. बाकीचे सोमवारी टाकतोय.

टाकी उपसली, तळाशी चार बोटं गाळ होता. नवीन कूलंट भरलं, रात्रपाळीच्या पोराकडेच रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच पट्ट्यांची डबी दिलीय, तो रोज वहीत लिहितो. नग आता बॉसवर रचत नाही, कप्प्यांचे ट्रे आणले, आणि पाळी संपायच्या आत धुऊन हवेने उडवून ठेवायचे.

सातपूरचा_टाकीवाला (१०.३०)

सैल बुचाचा किस्सा नेहमीचा. बूच गरम कॉस्टिकमध्ये ढिलं पडतं, एक नंबर मोठं घ्या आणि दर लोडला नवीन.

अंबडकर_व्हीएमसी (१०.३४)

घेतो. बूच कुठे मिळतात चांगले? मी सीबीएसजवळच्या लॅबवाल्या दुकानातून आणले, ते काही खास नाहीत.

सातपूरचा_टाकीवाला (१०.४१)

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आणि उरलेल्या सोड्याच्या पुड्या घरी न्या, वहिनींच्या कामाला येतील.

अंबडकर_व्हीएमसी (१०.४३)

तिला अख्खी गोष्ट माहितीय. पुड्या घरात येऊ देत नाहीये.